खिडकीखालची बारमाही

नल्लकुंटा, हैदराबाद
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय शिवराज,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मी एक वाक्य सुरू केलं की तू "आई, ऐक ना" म्हणतोस आणि मग मी ऐकतच राहते. कागद मधे बोलत नाही, हे त्याचं चांगलं आहे. तुझं मराठी वाचन म्हणजे अक्षराला अक्षर जोडत जाणं, तेव्हा वेळ लागेल. लागू दे. अडलास तर तेजश्रीकडून वाचून घे. तुझी बायको सातारची, ती घडाघडा वाचेल, आणि तिनंही ऐकलेलं बरं. मुद्दा आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको. दिवाळीत तू हे घर विकायचे कागद घेऊन येणार, माझी सही घेणार आणि मला पुण्याला नेणार, असं तुझं ठरलं आहे. मी सही करणार नाही. का, ते आता सावकाश वाच.

जूनमध्ये तुझं कुरिअर आलं होतं. आत बियांची पाकिटं, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, आणि वर तुझी इंग्रजीतली चिठ्ठी की आई, खिडकीखाली लाव, दिवाळीपर्यंत मन रमेल. मला आधी आनंदच झाला. मुलानं फुलं पाठवली, कुणाला आवडणार नाही? मग चष्मा लावून पाकिटांच्या मागचं वाचलं. सगळी हंगामी. पावसात पेरायची, दसऱ्याला फुलणार, थंडी पडली की उपटून टाकायची. अरे, मी शेतकऱ्याच्या घरची आहे. कुणी रानात भुईमूग पेरतो, कुणी आंबा लावतो, त्यावरून तो तिथं किती दिवस राहणार ते आम्हाला न सांगता कळतं. दिवाळीनंतर मी इथं नसणार हे तू ठरवून मोकळा झाला होतास, मला सांगायचं तेवढं राहिलं होतं. ते तू ऑगस्टमध्ये सांगितलंस. मला जूनमध्येच कळलं होतं. त्याच दिवशी ठरवलं, लावीन तर बारमाही लावीन, वर्षानुवर्षं राहणारी.

ती पट्टी तुला आठवते ती बाबांच्या स्कूटरची जागा म्हणून. तळमजल्यावरच्या आपल्या घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत मी आडवी झोपले तर पाय बाहेर जातील एवढी रुंद आणि दोन खिडक्यांएवढी लांब. तुझे बाबा पाटबंधारे खात्यात जन्मभर लोकांच्या शेतांना पाणी पोचवत राहिले आणि स्वतःच्या घरच्या मातीवर शहाबादी फरशी घालून स्कूटर लावत राहिले. मी नवी नवरी असताना एकदा म्हटलं होतं की इथं चार फुलझाडं लावू. तर म्हणाले, मग गाडी काय डोक्यावर घेऊ? मी हसले, विषय संपला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, स्कूटर मेकॅनिककडे गेली, फरशी तशीच राहिली. बियांची पाकिटं आली त्याच आठवड्यात मी गवंडी बोलावून ती काढली. खालची माती काळीठिक्कर, ऑइल प्यायलेली, वास असा की पेट्रोल पंपावर उभं राहावं. ती सगळी उपसून नवी भरली. घमेली मजुरानं वाहिली, ढेकळं मी फोडली. खुरपं इथल्या दुकानात खेळण्यातल्यासारखं मिळत होतं, म्हणून बेगम बाजारातून लोखंडी आणलं. बस बदलून गेले, एकटी गेले. आईला आता एकटीनं जमत नाही असं तू तेजश्रीच्या आईला सांगितलंस म्हणे.

फुलं निवडताना काय काय धुडकावलं तेही ऐक. गुलाब पहिला बाद. त्याला खत हवं, फवारणी हवी, आणि एवढं करून मे महिन्यात तोंड पाडून बसणार. मी एक नवरा आणि दोन मुलं सांभाळली, आता झाडाची मर्जी राखायची हौस नाही. बोगनवेल देखणी, पण एवढ्याशा जागेत ती कुणाला उभं राहू देणार नाही. कण्हेर विषारी, आणि इमारतीत लहान पोरं आहेत. कर्दळीला पाणी पुरवायचं कुठून, आपल्याकडे नळ दिवसाआड. मला अशी झाडं हवी होती की थोडक्या मातीत राहतील, भिंतीत मुळं घालणार नाहीत, एखाद दिवस पाणी चुकलं तर रुसणार नाहीत, आणि एकदा लावली की पुन्हा पुन्हा लावावी लागणार नाहीत. गल्लीत रोपांची हातगाडी घेऊन खाजामियाँ येतात, ते म्हणाले, "अम्मा, सीजन का लेव, जल्दी फूल आते." मी म्हटलं, मेरे को जल्दी नक्को. ते हसले आणि गाडीच्या मागच्या अंगाला ठेवलेली रोपं पुढे केली.

सकाळचं ऊन येतं त्या बाजूला सदाफुली लावली, पांढरी आणि गुलाबी. तिला कुणी गजऱ्यात माळत नाही, आपल्या घरात कुणी देवाला वाहत नाही, म्हणून ती कुणाची वाट बघत नाही, बारा महिने आपली आपण फुलते. शेजारच्या इमारतीची सावली पडते तिथं अबोली. इथल्या बायका तिला कनकांबरम म्हणतात आणि तिच्या गजऱ्यावर जीव टाकतात. वास नाही, पण तोडलेलं फूल लवकर कोमेजत नाही. पट्टीच्या छोट्या फाटकाशी कोरांटी, काटेरी आहे, बकऱ्या तोंड घालणार नाहीत. कोपऱ्यात मोगरा. त्याला थंडी सरता सरता हात न आखडता छाटायचं, की उन्हाळ्यात भरभरून येतो. आणि नळाजवळ गुलबक्षी. ती वाळते तेव्हा पार जमिनीपर्यंत वाळते. नवख्याला वाटतं संपली, जागा रिकामी झाली, आता इथं दुसरं काही करू. पण खाली गड्डा जिवंत असतो आणि पहिल्या सरींनंतर ती पुन्हा वर येते. माझं सगळ्यात लाडकं झाड तेच आहे, वास्तविक तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

एक घोटाळाही झाला. पावसाच्या सुरुवातीला नव्या मातीत जागोजागी कुरडू उगवलं. आपल्या रानात कुरडू म्हणजे तण. कोवळं असलं तर भाजीला खुडायचं, नाहीतर दिसलं की उपटायचं, त्यावर विचार करायची सवय माझ्या हाताला नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी मी बसून सगळं साफ केलं, ढीग फाटकाबाहेर टाकला, कंबर धरून चहा करायला आत गेले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सुगुणम्मा धावत खाली आल्या, दोन्ही हात गालांवर. "अय्यो अक्का, गुनुगु पीकेसारा?" म्हणाल्या. गुनुगु उपटलंत का. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरात्रात बतुकम्माच्या सणाला ताटात फुलांचा मनोरा रचतात ना, लहानपणी तू एकदा त्याला कोपर मारून पाडला होतास, त्यातली ती पांढरीगुलाबी तुर्‍यांची फुलं म्हणजे आपलं कुरडूच. इतकी वर्षं तेलंगणात राहून मी त्या मनोऱ्याभोवती फेर धरला, पण ते फूल आणि शेतातलं तण एकच आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाई फरशी काढल्याचं बघून खूश झाल्या होत्या आणि गुपचूप मूठभर बी माझ्या मातीत टाकून गेल्या होत्या. बाजारातलं गुनुगु धुळीनं भरलेलं असतं, घरचं असावं, एवढीच त्यांची हौस.

मी फार ओशाळले. तुझी बियांची पाकिटं तशीच पडून होती, ती त्यांना दिली. आम्ही दोघींनी गच्चीवर जुन्या बादल्यांत तुझी झिनिया, कॉसमॉस पेरली. उशिरा पेरली तरी मनासारखी आली. सद्दुल बतुकम्मा म्हणजे शेवटचा मोठा दिवस, त्या सकाळी सुगुणम्मा आणि इमारतीतल्या बायका ताटं घेऊन खाली आल्या. गच्चीवरची फुलं तोडून झाली होती, मनोरा अर्धाच झाला होता. फाटक उघडं होतं, पण आत कुणी येईना. सुगुणम्मांनी बाहेरूनच विचारलं, "अक्का, पूलु कोसुकोवच्चा?" फुलं तोडू का? आणि शिवराज, मी उगीचच वाकून वाळकी पानं वेचायला लागले. त्यांना वाटलं मी अजून कुरडूवरून अवघडले आहे. तसं नव्हतं. मला विचारून कुणीतरी फुलं तोडत होतं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्याआधी विचारणारी मी होते.

हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं असं कुणालाच वाटलं नव्हतं. भालकीजवळ तुझ्या आजोळच्या मळ्यात विहिरीच्या पाटाकडेनं शेवंती होती, तू लहानपणी पाहिली आहेस. ती मी लावलेली. लग्नाआधी शेजारच्या वस्तीवरून मुनवे, म्हणजे मुळाशी फुटलेले कोंब, आणून एकेक रोप केलं होतं. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत युवराजमामानं मला बोलावलं. तालुक्याच्या कचेरीत गेलो, हक्कसोडीच्या कागदावर मी सही केली, घरी येऊन पुरणपोळी जेवले, वहिनीनं साडीचोळी केली, ओटी भरली. सगळ्याच बहिणी करतात. सही दिली नाही तर माहेर तुटतं, असं आईनं मला आदल्या रात्री समजावलं होतं, आणि मी तर न मागता देणार होते. माझा भाऊ आहे, त्याच्याशी जमिनीचा हिशेब कसला करायचा? घरी येताना मी ती साडी मांडीवर घेऊन बसले होते आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पुढच्या दिवाळीला माहेरी गेले, सकाळी सवयीनं पाटाकडे गेले आणि पूजेसाठी शेवंती तोडायला लागले. वहिनी मागून आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, आता विचारून तोडत जावा. फुलं व्यापाऱ्याला दिल्यात." बाई काही वाईट बोलली नाही. व्यापाऱ्याशी खरंच सौदा झाला होता, तोडलेल्या फुलांवरून त्यानं कटकट केली असती. मी ओंजळीतली फुलं तिच्या परडीत टाकली आणि घरात आले. युवराजमामानंही मला कधी अंतर दिलं नाही, अजून दरवर्षी त्याची ज्वारी आणि तूरडाळ येते. पण त्या दिवसापासून मी तिथं पाहुणी झाले. चांगली, मानाची, चहासाठी खुर्ची मिळणारी पाहुणी. जिथं मी ढेकळं फोडली होती तिथं मला फुलासाठी विचारावं लागायचं, आणि कागदावर सही माझीच होती, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

म्हणून सुगुणम्मांना त्या दिवशी मी काय सांगितलं ते ऐक. म्हटलं, भिंतीकडचा तो तुकडा तुमचा. पुढच्या पावसात तिथं गुनुगु टाका, मी हात लावणार नाही, आणि तोडताना मला विचारायचं नाही. आज अबोली न्या, कोरांटी न्या, सदाफुली हवी तेवढी न्या. मनोरा पुरा झाला. वरच्या थरात तुझी झिनिया होती, लाल. संध्याकाळी बतुकम्मा तळ्यात सोडली. चार महिन्यांच्या फुलांनी जे करायचं ते त्यांनी केलं आणि गेली, त्यांच्यावर माझा राग नाही. माझी झाडं दुसऱ्या दिवशी सकाळी होती तिथंच होती आणि अबोलीला नवे तुरे धरले होते.

तू मला पुण्याच्या नव्या घराचा नकाशा पाठवलास. त्यात एका खोलीवर तू 'आई' असं लिहिलं आहेस, तुझ्या वाकड्या मराठी अक्षरात. ते बघून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. तुझं मन मला माहीत आहे. बाबा गेल्यावर तू महिनाभर माझ्या खोलीबाहेर गादी टाकून झोपलास, ते मी विसरले नाही. तू मला टाकत नाहीस, जवळ घेतो आहेस, हे मला कळतं, आणि म्हणूनच नाही म्हणायला जास्त जोर लागतो. पण त्या खोलीत मी खिळा मारायचा झाला तरी विचारीन. बाल्कनीत कुंडी सरकवायची झाली तरी तेजश्रीच्या तोंडाकडे बघीन. ती गुणाची पोर आहे, ती म्हणेल, आई, विचारता काय, आणि मी तरी विचारीन. मानाची पाहुणी मी एकदा होऊन बसले आहे. आता पुन्हा होणार नाही. तुझ्याकडे येईन, हुरडा खाऊन, आठवडाभर राहून परत येईन, कारण मोगऱ्याची छाटणी राहील. घर इथं आहे. त्याला मोठं होण्याची गरज नाही आणि विकलं जाण्याचीही नाही. माझ्यामागे तुम्ही काय करायचं ते करा, पण मी आहे तोवर ही माती मोकळी राहील. आणि मी बराच काळ आहे, तेव्हा घरासाठी बघितलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या शुक्रवारी रेणूचा फोन आला. नेहमीप्रमाणे आधी नांदेडचा पाऊस, मग पोरांच्या परीक्षा, आणि मग अगदी सहज म्हणाली की दादानं हक्कसोडीचा कागद पाठवलाय, भाऊबीजेला तो इकडे येईल तेव्हा सही करून देते, आणि आई, साडी किती सुंदर पाठवली आहे म्हणून सांगू. नारायणपेठी, हिरवी. शिवराज, तुला ही साडी कुणी सुचवली? मामाची गोष्ट तुला माहीत नव्हती. बाबांनी कधी असं काही केलं नाही. तरी तुझ्या हातून नेमकी साडीच गेली, आणि तुझी बहीण नेमकी तशीच खूश झाली, जशी मी साडी मांडीवर घेऊन झाले होते. मी तिला फोनवरच पाटाकडेची शेवंती सांगितली. मग मी सांगितलं, साडी नेस, भावानं प्रेमानं दिली आहे, कागद मात्र सही न करता परत पाठव. बाबांच्या मागे हे घर आपल्या तिघांचं आहे, आणि तिघांचंच राहील. तू रागावशील, हे धरूनच लिहिते आहे. रागाव, पण ये. या भाऊबीजेला तू नांदेडला जायचं नाहीस, रेणूला मी इकडेच बोलावलं आहे, ती तुला इथं ओवाळील. तेजश्रीला घेऊन ये, कागद तिथंच राहू दे. फाटकातून आत आलास की उजव्या हाताला अबोली आहे, दोघींच्या गजऱ्यांना पुरेल एवढी. तू तोड, रेणू तोडील, हवी तेवढी तोडा. मला कुणी विचारायचं नाही आणि तिनं तुला विचारायचं नाही.

तुझीच, आणि तितकीच रेणूची,
आई